तीस सेकंदांत किती वेळा उठता? ज्येष्ठांच्या गटाबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या वस्तीतले साठीपुढचे वीस-बावीस जण आठवड्यातून तीन दिवस एकत्र व्यायाम करायला तयार झाले आहेत. वयं ६२ ते ८४. एक गृहस्थ काठी घेऊन चालतात, दोघींचे गुडघे बदललेले आहेत, चार-पाच जण अगदी ठणठणीत आहेत. इतक्या वेगवेगळ्या ताकदीच्या माणसांना एकत्र काय द्यायचं? आणि सुरुवात कुठून करायची?

उत्तर : पहिल्या दिवशी व्यायाम घेऊच नका, मोजणी घ्या. एक बिनहाताची, न वाकणारी खुर्ची घ्या. बैठक जमिनीपासून साधारण ४३ सें.मी. उंच हवी. खुर्चीची पाठ भिंतीला टेकवून ठेवा, म्हणजे ती मागे सरकणार नाही. बैठकीच्या मध्यावर बसायचं, पावलं जमिनीवर सपाट, दोन्ही हात छातीवर फुली करून खांद्यांवर. ‘सुरू’ म्हटलं की पूर्ण उभं राहायचं, पूर्ण बसायचं, आणि ३० सेकंदांत असं किती वेळा जमतं ते मोजायचं. वेळ संपताना माणूस अर्ध्याहून अधिक उठलेला असेल तर ते उठणं धरायचं. उठायला हाताचा आधार घ्यावाच लागला तर चाचणी थांबवायची आणि नोंद शून्य करायची.

अपेक्षित आकडे असे : ६० ते ६४ वयात पुरुष १४, स्त्रिया १२. ६५ ते ६९ मध्ये १२ आणि ११. ७० ते ७४ मध्ये १२ आणि १०. ७५ ते ७९ मध्ये ११ आणि १०. ८० ते ८४ मध्ये १० आणि ९. याहून कमी भरलं तर पाय कमकुवत झालेत आणि पडण्याचा धोका वाढलाय असं समजायचं. आकडे वहीत लिहा, सगळ्यांसमोर वाचून दाखवू नका. ज्यांचा शून्य येईल त्यांनाच या गटाची सर्वांत जास्त गरज आहे, आणि पहिल्याच दिवशी चारचौघांत खजील झाल्यामुळे तेच दुसऱ्या दिवशी येत नाहीत.

याच वहीत प्रत्येकाकडून तीन गोष्टी विचारून घ्या : गेल्या वर्षभरात कधी पडलात का, कुठली शस्त्रक्रिया झाली आहे, कुठल्या गोळ्या चालू आहेत. चालताना छातीत दुखतं, अचानक शुद्ध हरपली होती, रक्तदाब आटोक्यात नाही किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली आहे, अशांनी डॉक्टरांना विचारूनच यायचं.

आता वर्ग. ४५ मिनिटं धरली तर ८ मिनिटं अंग मोकळं करायला, १० तोलासाठी, १५ ताकदीसाठी, ७ दम वाढवणाऱ्या चालीसाठी आणि ५ अंग निवायला. तोल बहुतेक ठिकाणी शेवटी ठेवतात. तोवर पाय दमलेले असतात, आणि दमलेल्या पायांवर तोल सांभाळायला सांगणं म्हणजे अपघाताला आमंत्रण. म्हणून तोल आधी. शेवटची ५ मिनिटंही कधी कापू नका. झपाझप चालताना पोटऱ्या पायांतलं रक्त वर ढकलत असतात. माणूस एकदम थांबला की ते रक्त खालीच साचतं आणि डोळ्यांसमोर अंधारी येते.

वेगवेगळ्या ताकदीचा प्रश्न तीन पायऱ्यांनी सुटतो. प्रत्येक व्यायाम बसून कसा करायचा, खुर्ची धरून कसा आणि मोकळ्याने कसा, हे तिन्ही दाखवायचं. मात्र दाखवताना सुरुवात मधल्या पायरीपासून करा. घेणाऱ्याने आधी अवघड प्रकार करून दाखवला की सगळे तोच करायला जातात, काठीवाले गृहस्थसुद्धा.

खुर्चीवरून उठणं-बसणं हा या वर्गाचा कणा आहे, म्हणून तो नीट बघा. पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे घ्यायची. कंबरेतून पुढे झुकायचं आणि नाक पायाच्या बोटांच्या वर आलं की उठायचं. अनेक जण पाठ ताठ ठेवून सरळ वर उठू पाहतात. वजन पावलांवर आलेलंच नसतं, म्हणून ते पुन्हा मागे पडतात आणि ‘माझ्यानं होत नाही’ म्हणतात. होत नाही असं नसतं, झुकणं कमी पडलेलं असतं. दुसरी चूक, उठताना गुडघे एकमेकांकडे वळणं. दोन्ही गुडघ्यांमध्ये वीतभर अंतर शेवटपर्यंत राहिलं पाहिजे. तिसरी, धपकन बसणं. बसतानाच्या संथ उतरण्यात मांडीच्या स्नायूंना मोठं काम पडतं, ते धपकन बसलं की वाया जातं. मनात एक-दोन-तीन मोजत उतरा. उठताना श्वास सोडायचा. श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाब एकदम चढतो.

८ ते १० वेळा करून मिनिटभर थांबायचं आणि पुन्हा तितकंच. ज्यांना हाताशिवाय उठताच येत नाही त्यांच्या बैठकीवर घट्ट घडीची ब्लँकेट ठेवून ती ८-१० सें.मी. उंच करा आणि दर दोन आठवड्यांनी एक घडी कमी करा. मऊ उशी नको. ती दबते आणि उठणं उलट अवघड होतं. ज्यांना दहा उठणी संपल्यावर अजून चार-पाच सहज काढता येतील असं वाटतं, त्यांनी हातात एकेक किलोचं वजन घ्यावं.

जोडीला उभ्याने टाचा उचलणं १० ते १५ वेळा, भिंतीला हात टेकून दंड ८ ते १०, आणि रबरी पट्टा दोन्ही हातांनी छातीकडे ओढणं. पट्ट्यांच्या रंगावरून ताण ठरतो खरा, पण उत्पादकागणिक रंग बदलतात, म्हणून ताणून बघूनच वाटा. पट्ट्याला बारीकशी चीर दिसली तरी टाकून द्या, तो तुटताना तोंडावर बसतो.

हाडं ठिसूळ झालेल्यांना कंबरेतून गोल वाकून पायाची बोटं धरायला लावू नका, पोटाच्या उठाबशा तर नकोतच. मणक्याच्या पुढच्या भागावर दाब येऊन तो दबू शकतो. काचबिंदू असलेल्यांनी डोकं खाली जाईल असं काही करू नये. गुडघे बदललेल्या दोघींना खुर्चीवरचे हे प्रकार सहसा चालतात, गुडघे टेकून बसायला मात्र लावू नका. खुब्याची शस्त्रक्रिया झालेलं कोणी असेल तर काय टाळायचं ते शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांकडून लिहूनच घ्यावं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत ६५ वर्षांपुढच्यांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम दमाची हालचाल, किमान दोन दिवस ताकदीचे व्यायाम आणि किमान तीन दिवस तोल व ताकद मिळून केलेले व्यायाम सांगितले आहेत. तुमच्या तीन दिवसांत ताकद आणि तोल भरून निघतील. मिनिटं भरायला उरलेल्या दिवशी चालावं लागेल. बारा आठवड्यांनी खुर्चीची मोजणी पुन्हा घ्या. सातावरून अकरावर गेलेला आकडा स्वतःच्या नावापुढे बघितला की माणूस सहसा गट सोडत नाही.


प्रश्न : आई ७८ वर्षांची आहे. मागच्या वर्षी घरातच पडली. हाड मोडलं नाही, पण तेव्हापासून ती बाहेर पडायला तयार नाही. ‘पुन्हा पडले तर?’ एवढंच म्हणते. तिला कसं समजवावं?

उत्तर : समजावून ही भीती जात नाही, कारण ती खोटी नाही. एकदा पडलेल्या माणसाला पुन्हा पडण्याचा धोका खरोखरच जास्त असतो. पण भीतीपोटी हालचाल थांबली की पाय आणखी बारीक होतात, तोल आणखी जातो, आणि जे टाळायचं होतं तेच जवळ येतं. तिला धीर देण्याआधी ती का पडली ते शोधा.

पहिल्यांदा रक्तदाब. आईंना पाच मिनिटं आडवं झोपवून मोजा. मग उभं करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी मोजा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर उठताना मेंदूला रक्त कमी पडतंय. तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जा. रक्तदाबाच्या, झोपेच्या किंवा लघवीच्या गोळ्यांची मात्रा अथवा वेळ बदलून हे बरंच सुधारू शकतं. जेवणानंतर तास-दोन तासांतही काहींचा रक्तदाब उतरतो, म्हणून व्यायाम भरल्या पोटी नको.

दुसरा चष्मा. वरून लांबचं, खालून जवळचं दिसणारा चष्मा घालून जिना उतरताना पायरी नेमकी खालच्या भागातून दिसते, म्हणजे धुरकट. जिन्यासाठी आणि बाहेर चालण्यासाठी नुसत्या लांबच्या नंबरचा वेगळा चष्मा पुष्कळांना उपयोगी पडतो. तिसरी पादत्राणं : टाचेला पट्टा नसलेली सपाट चप्पल बोटांनी धरून चालावं लागतं, पाऊल उचललं जात नाही, घासलं जातं.

मग तोल. खोलीच्या कोपऱ्यात पाठ करून उभं करा, समोर भक्कम खुर्ची. दोन बाजूंना भिंती, पुढे धरायला पाठ. पडायला जागाच नाही, त्यामुळे भीती निम्मी होते. आधी दोन्ही पावलं जुळवून १० सेकंद. ते जमलं की एका पावलाचा अंगठा दुसऱ्याच्या तळव्याच्या मध्याशी. मग एका रेषेत, पुढच्या पावलाची टाच मागच्याच्या बोटांना लावून. शेवटी एका पायावर. रेषेतलं उभं राहणं १० सेकंद टिकत नसेल तर तोल नाजूक आहे असं धरा आणि पुढे जायची घाई करू नका. दिवसातून दोनदा, तीन-तीन मिनिटं पुरेत. डोळे मिटून करायला लावायचं नाही.

यात तथ्य किती? न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठात घरच्या घरी करायच्या ताकद-तोलाच्या व्यायामांचा एक कार्यक्रम तयार झाला, तो आज अनेक देशांत फिजिओथेरपिस्ट शिकवतात. २०१९ साली कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेने बऱ्याच चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा व्यायाम करणाऱ्या ज्येष्ठांमध्ये पडण्याचं प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी कमी आढळलं. नुसत्या चालण्याने मात्र तोल सुधारत नाही, हे लक्षात ठेवा. ज्याचा तोल आधीच डळमळीत आहे त्याला ‘रोज भरभर चालत जा’ सांगणं धोक्याचंही ठरू शकतं.

आणि जमिनीवरून उठायला शिकवा. भीती बहुतेकदा पडण्याची नसते; पडून तसंच राहण्याची असते. गादी किंवा सतरंजी घाला, जवळ खुर्ची ठेवा. पडल्यावर आधी हलायचं नाही, कुठे दुखतंय ते बघायचं. मग कुशीवर वळायचं. कोपरावर, मग हातावर जोर देऊन दोन्ही हात-गुडघ्यांवर यायचं. रांगत खुर्चीपर्यंत जायचं, दोन्ही हात बैठकीवर ठेवायचे. ताकदीचा पाय पुढे घेऊन पाऊल सपाट टेकवायचं, हात आणि तो पाय यांच्या जोरावर उठायचं आणि वळून बसायचं. शिकवताना क्रम उलटा घ्या : आधी खुर्चीपाशी एक गुडघा टेकून उठणं, ते जमलं की हात-गुडघ्यांवरून, सगळ्यात शेवटी पूर्ण आडवं होऊन. गुडघे टेकताना दुखत असेल तर खाली जाड घडी घाला. पहिले काही दिवस शेजारी कुणीतरी असावंच, आणि शक्य असेल तर हा भाग फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली करावा.

पुढे कधी पडल्यावर डोक्याला मार लागला आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर बरं वाटत असलं तरी त्याच दिवशी दवाखान्यात दाखवायचं.


प्रश्न : आमच्या चालण्याच्या गटात रोज दहा हजार पावलांचा आग्रह आहे. काही जणांना ते झेपत नाही. एवढी पावलं खरंच लागतात का?

उत्तर : नाही. दहा हजार हा आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या एका पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून पसरला, संशोधनातून नाही. २०२२ साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं तेव्हा साठीपुढच्यांमध्ये आयुर्मानाच्या दृष्टीने होणारा फायदा रोज ६,००० ते ८,००० पावलांच्या आसपास सपाट होतो असं दिसलं. तीन हजारांवरून पाच हजारांवर जाणाऱ्याला सर्वाधिक लाभ होतो, आणि तुमच्या गटात कौतुक त्याचंच झालं पाहिजे. संख्येपेक्षा चाल बघा : मिनिटाला सुमारे १०० पावलं म्हणजे मध्यम दमाची हालचाल.

काठी वापरणाऱ्यांसाठी : काठीची मूठ सरळ उभं राहिल्यावर मनगटाच्या घडीशी यावी, कोपर किंचित वाकलेलं राहावं, आणि काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. दुखऱ्या बाजूलाच धरण्याची चूक इतकी सर्रास दिसते की गटात प्रत्येकाची काठी एकदा तपासाच. खालचं रबर गुळगुळीत झालं असेल तर बदला.


प्रश्न : व्यायामाच्या वेळी नाडी किती असावी याचा तक्ता आम्ही लावला आहे. दोघांची नाडी कितीही चाललं तरी वाढतच नाही. घड्याळं बिघडली आहेत का?

उत्तर : त्या दोघांना रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या कोणत्या गोळ्या चालू आहेत ते विचारा. बीटा ब्लॉकर गटातली औषधं हृदयाचे ठोके वाढू देत नाहीत. अशा माणसाने तक्त्यातला आकडा गाठायचा प्रयत्न केला तर तो झेपेल त्याच्या पुढे जाईल. तक्ता काढून टाका आणि बोलण्याची कसोटी लावा : चालताना पूर्ण वाक्य बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, म्हणजे दम बरोबर आहे. दोन-चार शब्दांनंतर थांबावं लागलं तर वेग कमी करायचा.

मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांचीही वेगळी नोंद ठेवा. ही औषधंही बीटा ब्लॉकरबरोबर चालू असतील तर साखर उतरल्याची धडधड जाणवत नाही, घाम मात्र येतो. साखर ७० च्या खाली गेली तर १५ ग्रॅम साखर किंवा ग्लुकोज द्यायचं, १५ मिनिटांनी पुन्हा मोजायचं. ग्लुकोजची पुडी वर्गाच्या पेटीत कायम असू द्या.


प्रश्न : दर आठवड्याला आम्ही हाऊझी आणि पत्त्यांचा डाव ठेवतो. सुरुवातीला मजा आली, पण हल्ली काही जण नुसते बसून राहतात, आकडे चुकवतात, मग येणंच बंद करतात. खेळ बदलावा का?

उत्तर : खेळाआधी खोली बदला. गप्प बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांना ऐकू येत नसेल आणि ते सांगायला संकोच वाटत असेल.

वयानुसार कान जातात ते आधी वरच्या पट्टीतल्या आवाजांचे. स्वर ऐकू येतात, पण स, श, फ अशी अक्षरं गळतात. त्यात आपले मराठी आकडे. मराठीत एकक आधी येतो आणि दशक शेवटी. बावीस, बासष्ट, ब्याऐंशी, ब्याण्णव हे सगळे ‘ब’नेच सुरू होतात, त्रेपन्न आणि त्रेसष्ट यांतला फरक शेवटच्या अक्षरांत आहे. बोलणाऱ्याचा आवाज शब्दाच्या शेवटी उतरतो, आणि नेमकी तिथेच खरी माहिती असते. एकोणसाठ की एकोणसत्तर हे तरुण कानांनाही पंख्याच्या आवाजात पटकन कळत नाही. म्हणून आकडा तोडून पुकारा : ‘सहा, दोन... बासष्ट’. दोनदा म्हणा, आणि हातभर उंचीचे अंक लिहिलेल्या पाट्या उंच धरा किंवा फळ्यावर लिहीत जा.

ओरडून काही साधत नाही. ओरडल्याने आवाजाची पट्टी वर जाते आणि शब्द फाटतात. खालच्या पट्टीत, संथ, तोंड समोर ठेवून बोला. पुकारणाऱ्याच्या मागे खिडकी नको. चेहरा अंधारात गेला की ओठ वाचता येत नाहीत, आणि कमी ऐकू येणारे ओठांवरूनच निम्मं समजून घेतात. रांगांऐवजी घोड्याच्या नालासारख्या अर्धवर्तुळात बसवा. कानातलं यंत्र एक-दोन मीटरच्या आत उत्तम चालतं, मागच्या रांगेत ते नुसता गलका मोठा करून देतं. उघड्या भिंती आणि गुळगुळीत फरशी आवाज घुमवतात. पडदे आणि सतरंज्या लावल्या तरी फरक पडतो.

डोळ्यांचं तसंच. साठीच्या माणसाच्या डोळ्यातल्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या सुमारे एक तृतीयांश उजेड पोचतो, कारण बाहुली लहान होते आणि भिंग पिवळट होतं. टेबलावर थेट उजेड हवा, पण तो डोळ्यांत जाऊ नये. तिकिटं चकचकीत प्लॅस्टिकमध्ये घालू नका, प्रकाश परावर्तित होऊन अंक दिसेनासे होतात. साध्या कागदावर, काळ्या शाईत, अंक किमान २४ पॉइंटचे. पिवळट भिंगातून निळा आणि हिरवा वेगळे काढणं अवघड जातं, म्हणून सोंगट्या तांबड्या-पांढऱ्या किंवा काळ्या-पिवळ्या घ्या. हात कापणाऱ्यांना सुट्या बटणांनी अंक झाकायला देऊ नका, एकाच्या कोपराने सगळी सरकतात. जाड मार्कर पेन द्या. पत्त्यांसाठी खाच पाडलेली लाकडी पट्टी करून घ्या; संधिवाताच्या बोटांना तेरा पानांचा पंखा धरता येत नाही, पट्टीत पानं उभी राहतात.

खुर्च्यांचं एक वेगळं. व्यायामाला बिनहाताची खुर्ची, पण तासभर बसायच्या खेळाला हात असलेली. आणि ४० ते ४५ मिनिटांनी सगळ्यांनी उठायचं, असा नियमच करा. लघवीची घाई असलेला माणूस डाव मोडून एकट्याने उठत नाही. सगळे उठले की त्याचीही सोय होते.


प्रश्न : गटात बायका भरपूर, पुरुष मोजून तीन. आणि नवीन आलेली व्यक्ती तिसऱ्या-चौथ्या वेळेनंतर दिसत नाही. काय करावं?

उत्तर : पुरुषांना ‘गप्पा मारायला या’ असं बोलावलं तर फारसे येत नाहीत. हाताला काम द्या. ऑस्ट्रेलियात नव्वदच्या दशकापासून ‘मेन्स शेड’ नावाच्या सामायिक कार्यशाळा वाढल्या, त्या याच ओळखीवर : शेजारी शेजारी उभं राहून काही दुरुस्त करताना पुरुष बोलू लागतात. सायकली, रेडिओ, खुर्च्यांचे हलणारे पाय, शाळांना द्यायची लाकडी खेळणी, काहीही चालेल. काम खरं हवं. वेळ घालवायला काढलेलं काम त्यांना लगेच ओळखू येतं.

दुसरा रस्ता शिकण्याचा. १९७३ साली फ्रान्समधल्या तुलूझ इथे ‘तिसऱ्या वयाचं विद्यापीठ’ सुरू झालं. पुढे ब्रिटनमध्ये त्याचं जे रूप रुजलं त्यात बाहेरचा प्राध्यापक नसतो, सभासदच एकमेकांना शिकवतात. तुमच्या गटातला निवृत्त गवंडी भिंतीतली ओल कशी शोधायची हे शिकवू शकतो, नर्स रक्तदाब मोजायला शिकवू शकते. शिकवायला बोलावलेला माणूस पुढच्या वेळीही येतो.

नवीन माणसाचं गळणं पहिल्या तीन भेटींत ठरतं. जुन्या सभासदांच्या जागा ठरलेल्या असतात, विनोद ठरलेले असतात. नवा माणूस भिंतीशी बसतो. त्याला एक सोबती नेमून द्या, जो पहिले चार वेळा दारात भेटेल, शेजारी बसेल आणि परत जाताना बरोबर निघेल. दुसऱ्या वेळीच एखादं छोटं काम सोपवा : हजेरी, मोजणी, खुर्च्या मांडणं. ज्याच्यावाचून काहीतरी अडतं तो टिकतो.

लागोपाठ दोन वेळा कुणी आलं नाही तर फोन करायचा, आणि तो त्याच्या सोबत्यानेच. ‘का आला नाहीत?’ असा जाब नको. ‘तुमची जागा राखून ठेवली आहे, बरे आहात ना?’ एवढं पुरे. खरी कारणं लोक एकदम सांगत नाहीत. परतताना अंधार होतो, स्वच्छतागृह दूर आहे, जमिनीवर बसता येत नाही, घरी अंथरुणाला खिळलेला जोडीदार आहे. यातली तीन कारणं तुम्ही वेळ आणि मांडणी बदलून सोडवू शकता. चौथ्यासाठी दोघा-तिघांनी पाळीपाळीने त्या घरी तासभर बसायची तयारी दाखवली तर त्या माणसाला आठवड्यातला एक मोकळा तास मिळतो. इतकी मोठी मदत दुसरी नाही.

वीसच्या वर संख्या गेली की दोन गट करा. पंधरापर्यंतच्या गटात कोण आलं नाही हे मोजावं लागत नाही, कळतं.


प्रश्न : आमचा गट आता पिकलबॉल सुरू करतोय. वय ६० ते ७२. काय काळजी घ्यावी?

उत्तर : सपाट बॅटीने छिद्रं असलेला प्लॅस्टिकचा चेंडू जाळीवरून मारायचा हा खेळ चांगला आहे. मैदान ४४ बाय २० फुटांचं, म्हणजे बॅडमिंटनच्या दुहेरी मैदानाएवढं. दुखापती होतात त्या मुख्यतः एका हालचालीत : डोक्यावरून गेलेला चेंडू पकडायला तोंड समोर ठेवून मागे धावणं. टाच अडकते आणि माणूस पाठीवर किंवा मनगटावर पडतो. गटात नियमच करा की डोक्यावरून गेलेला चेंडू सोडायचा, किंवा आधी पूर्ण वळायचं आणि मग जायचं. धावण्याच्या बुटांनी चालत नाही, ते बाजूच्या हालचालीत मुरगळतात; बॅडमिंटन-टेनिससारख्या खेळांचे सपाट तळव्याचे बूट घ्या. खेळाआधी दहा मिनिटं पोटऱ्या मोकळ्या करा, कारण टाचेमागची शीर थंड असताना अचानक झेप घेतली की तुटू शकते. सुरुवात दुहेरीने करा, एकेरी नंतर.


प्रश्न : आमच्या एका जुन्या सभासदाला विस्मरणाचा आजार सुरू झाल्याचं घरच्यांनी सांगितलं. त्यांना गटात ठेवावं का? बाकीचे अवघडतात. आणि स्मरणशक्तीसाठी शब्दकोडी द्यावीत का?

उत्तर : जरूर ठेवावं, घरच्यांशी बोलून. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४ च्या आयोगाने स्मृतिभ्रंशाचे जे १४ टाळता येण्याजोगे धोके मांडले त्यांत एकटेपणा, हालचालीचा अभाव, उपचार न केलेलं ऐकू न येणं आणि दृष्टी जाणं हे आहेत. आजार सुरू झाल्यावरही माणसांत राहण्याने दिवस सुखाचा जातो. कोड्यांबद्दल सांगायचं तर शब्दकोडी सोडवून माणूस शब्दकोड्यांत तरबेज होतो, घरच्या किल्ल्या त्यामुळे सापडायला लागत नाहीत. आवडत असतील तर द्या, औषध म्हणून देऊ नका.

त्यांच्यासाठी बसायची जागा, वेळ आणि कार्यक्रमाचा क्रम दर वेळी तोच ठेवा. सगळ्यांनीच छातीवर मोठ्या अक्षरांत नावं लावा, फक्त त्यांनाच लावू नका. ‘ओळखलंत का मला?’ असं कधीही विचारू नका. स्वतःचं नाव सांगूनच बोलायला सुरुवात करा. सूचना एका वेळी एकच : ‘उभे राहा.’ झालं की ‘उजवा हात वर.’ खूप पर्याय समोर ठेवू नका, ‘कॅरम की गाणी?’ इतकंच. हातांना सवयीची असलेली कामं, म्हणजे घड्या घालणं, पत्ते पिसणं, ताल धरणं, नावं विसरल्यावरही बराच काळ जमतात, म्हणून पत्ते खेळता आले नाहीत तरी पिसायचं काम त्यांच्याकडे राहू द्या. चुकलं तर दुरुस्त करू नका, डाव पुढे न्या.

त्यांना न्यायला येणाऱ्याचा फोन नंबर हजेरीच्या वहीच्या पहिल्या पानावर असू द्या, आणि सुटण्याच्या वेळी दारापाशी एक जण उभा राहील हे आधीच ठरवून ठेवा. घोळक्यात सगळे निघतात तेव्हा तेही निघतात, आणि कोणत्या दिशेला गेले हे कोणाच्याच लक्षात येत नाही.